ओहोटीला सोडलेलं झाड

नोकरीत असताना मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात डोक्यावर दगडही झेलले. निवृत्त पोलिसाकडून लोकांना तेच ऐकायचं असतं आणि मीही चार माणसांत ते रंगवून सांगतो. पण एकटा बसलो की वर येतो तो सात वाळक्या फांद्यांचा गुन्हा. त्याला आता बरीच वर्षं झाली. तो काही मनातून जात नाही, म्हणून एकदाचा लिहून टाकतो. नाव कुणाचंच घेणार नाही. त्यातले काही जण अजून आहेत, आणि जे नाहीत त्यांची मुलंबाळं आहेत.

तेव्हा मी भिवंडीतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मानकोलीकडची गोडाऊनं आमच्या हद्दीत येत. भिवंडीत ठाणं चालवायचं म्हणजे तारेवरची कसरत. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षावाल्यांची हमरीतुमरी, लूममध्ये हात अडकलेला कामगार, चोरीला गेलेले सूत गुंडाळलेले कोन, गोडाऊनमधून निघालेला पण मुंबईला न पोचलेला ट्रक. यातल्या प्रत्येक गुन्ह्याचा एक साचा असतो आणि मुरलेला अधिकारी पहिल्या दहा मिनिटांत तो ओळखतो. निदान माझा तसा समज होता.

एका सकाळी हजेरी नुकतीच आटोपली होती. पन्नाशीच्या एक बाई आल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांच्याबरोबर एका गोडाऊनचा व्यवस्थापक होता, घामाने डबडबलेला.

"चोरीची तक्रार द्यायचीय," बाई म्हणाल्या.

"काय गेलं?" ठाणे अंमलदाराने विचारलं.

"झाड."

अंमलदाराने पेन खाली ठेवलं. "मॅडम, झाड कुणी तोडलं असेल तर महापालिकेत अर्ज द्या. आमच्याकडे कशाला?"

"तोडलेलं नाही. वाळलेलं होतं."

मागे बसलेला हवालदार हसू दाबायला खोकला. मी बाईंना माझ्या खोलीत बोलावलं आणि चहा सांगितला.

बाई वनस्पतींच्या अभ्यासक होत्या. एका जुन्या संस्थेकडे वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह होता. संस्थेची इमारत दुरुस्तीला काढली म्हणून संग्रहाची सगळी कपाटं मानकोलीच्या एका भाड्याच्या गोडाऊनमध्ये आणून ठेवली होती. अशा संग्रहाची रीत त्यांनी मला समजावून सांगितली. रानातून आणलेली फांदी टीपकागदात दाबून वाळवायची, मग जाड कागदावर दोऱ्याने शिवायची आणि कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची: कुणी आणली, कुठून आणली, केव्हा आणली. अशा एका कागदाला त्या शीट म्हणत. बाईंना हव्या होत्या त्या हॉथॉर्न नावाच्या एका रानटी काटेरी झुडपाच्या सात शीट. सफरचंदाच्या कुळातलं झुडूप, बोराहून लहान लाल फळं. हिमालयातल्या एका खोऱ्यातून शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी ते आणलं होतं.

"आज त्या खोऱ्यात ते एकही उरलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मी चार वेळा जाऊन शोधलं. रस्ता झाला, वस्ती झाली, होतं नव्हतं ते सरपणात गेलं. माझं म्हणणं असं आहे की ती वेगळी जात होती. जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. पण ते सिद्ध करायला या सात शीटांशिवाय माझ्याकडे काही नाही."

"फोटो असतील ना?"

"फोटो काढायचं काम चालू आहे. या कपाटापर्यंत पोचलं नव्हतं."

"आणि त्या सात शीट गेल्या."

"शीट जागेवर आहेत. चिठ्ठ्याही खऱ्या आहेत. फांद्या बदलल्यात." त्यांनी मोबाइलवर मला फोटो दाखवला. मला तपकिरी पानं आणि काटे दिसले, त्यापलीकडे काही नाही. "ही हेकळ आहे. तुमच्या इथल्या टेकड्यांवर उगवते. काटे आहेत, पानाला दाते आहेत, अनोळखी माणूस फसेल. कुणीतरी माझं झाड काढून घेतलं आणि तिथे ही शिवून ठेवली."

मी गुन्हा दाखल करून घेतला. ठाण्यात दोन दिवस त्यावरून थट्टा चालली. 'पाल्याचा गुन्हा' असंच त्याचं नाव पडलं. माझ्या वरिष्ठांनी फोनवर विचारलं, "संशयित कोण, बकरी का?" मीही हसलो. पण मनात मी साचा शोधत होतो. फायदा कुणाचा, हा पोलिसाचा पहिला प्रश्न. शंभर वर्षांची वस्तू म्हटल्यावर मला बाहेरदेशी जुन्या वस्तू विकणारी टोळी दिसायला लागली. मोठा गुन्हा उघडकीला आणण्याची हौस कुठल्या अधिकाऱ्याला नसते?

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन गोडाऊनला गेलो. शेजारच्या गाळ्यात मसाल्याचा माल असायचा. मिरची आणि धण्याच्या वासाने पंचांना शिंका आल्या. आत लोखंडी कपाटांच्या रांगा होत्या. किल्ल्या चौघांकडे: व्यवस्थापक, संस्थेचे एक अधिकारी, दारावरचा वॉचमन आणि आबा.

आबा म्हणजे संग्रह सांभाळणारे शिपाई. साठीला टेकलेले, सडपातळ. भिवंडीच्या आतल्या भागातलं त्यांचं गाव, घरी थोडी भातशेती. संस्थेत ते तीस वर्षं होते आणि चार महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. लहान-मोठे सगळे त्यांना आबा म्हणत. कपाटांच्या रांगेत शिरण्याआधी त्यांनी चपला काढल्या. शीटांचं पुडकं त्यांनी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं. मी ते पाहिलं, पण त्यावरून काही ध्यानात घेतलं नाही. आबांविषयी बाईंना विचारलं तर त्या रागावल्याच. "आबांवर संशय घेणार असाल तर तक्रार मागे घेते," म्हणाल्या. व्यवस्थापकाचंही तेच मत होतं.

दोन दिवसांनी खबर आली. मानकोली जंक्शनजवळ चहाची टपरी चालवणारा आमचा एक माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, पंधरा दिवस झाले असतील. त्या गोडाऊनचा वॉचमन सकाळी सकाळी रिक्षात गाठोडं ठेवत होता. कोरं लाल कापड होतं. एकदम आरामात ठेवलं, जसं काय आत काचसामान आहे."

"रिक्षात कोण होतं?"

"ते नाय दिसलं. ट्रक मध्ये आला."

मला तेवढं पुरे होतं. वॉचमनला बोलावून घेतलं. तो उत्तर प्रदेशातला, तिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप. बाकावर अवघडून बसला होता.

"गठरी में क्या था?"

"पता नहीं साहब."

"किसकी थी?"

"पता नहीं साहब."

"रिक्शा में कौन बैठा था?"

"याद नहीं."

गाठोडं उचललं हे तो नाकारत नव्हता आणि पुढे एक शब्द सांगत नव्हता. टोळीचा माणूस असाच वागतो, असं मी धरून चाललो. दोन दिवस त्याला सकाळी बोलवायचं, दिवसभर बसवून ठेवायचं, संध्याकाळी सोडायचं, असं केलं. हात उचलला नाही, पण आवाज चढवला, मुलींची नावं घेऊन भीती घातली. त्या वागण्याची मला आज लाज वाटते. दुसऱ्या दिवशी त्याच्या एजन्सीने त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला. पोलिसांत रोज हजेरी लावणारा वॉचमन कोण ठेवील?

त्याच दुपारी आबा ठाण्यात आले, हातात स्टीलचा डबा घेऊन.

"साहेब, त्याला जेवाला देऊ का? मासली चालत न्हाय त्याला. वालाचं बिरडं आनलंय, तांदलाची भाकरी हाय."

"तुमचा कोण लागतो तो?"

"कोन न्हाय. कामावरचा हाय." डबा पुढे करत ते म्हणाले, "त्याचा काय गुना न्हाय, साहेब."

वॉचमनने त्यांच्याकडे पाहिलं आणि झटकन मान खाली घातली. भाकरी मोडताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे: दुसऱ्यासाठी ठाण्यात डबा आणणारा माणूस एक तर फार भला असतो, नाही तर खरा आरोपी असतो. एकाच वेळी दोन्ही असलेला माणूस मला तोवर भेटला नव्हता.

आता साचा हलायला लागला होता. पंचनाम्यात जप्त केलेल्या त्या सात शीट मी मुद्देमाल कारकुनाकडून मागवल्या. माझ्या हाताखाली एक महिला पोलीस नाईक होती, नारपोलीत लहानाची मोठी झालेली. तिने शीट उलटी करून टेबलावर ठेवली आणि मागच्या गाठीवर बोट ठेवलं.

"सर, ही गाठ आमच्या पप्पांची आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे लूमवाल्याची. लूमवर सुताची तार तुटली की मशीन थांबवून अशी जोडतात. बारीक, चपटी, फणीत न अडकणारी. घरी गोधडी शिवताना पण पप्पा हीच मारायचे, मम्मी ओरडायची त्यांना. बाकीच्या लोकांना नाही येत ही पटकन."

आम्ही व्यवस्थापकाला फोन लावला. आबा संस्थेत लागण्यापूर्वी काय करत होते? नारपोलीत आठ वर्षं लूमवर होते, तो म्हणाला. शीटांचा दोरा निघाला की दुरुस्तीही तेच करत. प्रत्येक दुरुस्तीची नोंद रजिस्टरला असे. नोंद असलेल्या चार शीट मागवून पाहिल्या. मागे तीच गाठ होती. या सात शीटांची नोंद मात्र रजिस्टरला नव्हती.

आबांना बोलावलं. दार लावून घेतलं, चहा सांगितला. आवाज चढवायची गरज नव्हती आणि इच्छाही उरली नव्हती. मी शीट उलटी करून त्यांच्यापुढे सरकवली.

"आबा, ही गाठ कुणाची?"

त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला.

"माजी."

"खऱ्या फांद्या कुणाला विकल्या?"

"विकल्या?" त्यांना माझा प्रश्न कळलाच नाही. "कोन घेईल इकत, साहेब? त्यांना भुंगा लागला व्हता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शेजारच्या मसाल्याच्या गोणींमधून मोहरीएवढा तांबूस भुंगेरा आत आला होता. संग्रहातल्या बहुतेक शीटांना जुन्या काळी विष चोळलेलं होतं, त्यांना तो शिवला नाही. या एका पुडक्याला कधी विष लावलंच नव्हतं. आबांना कळलं तेव्हा सात कागदांवर काड्या आणि भुगा एवढंच राहिलं होतं.

"अधिकाऱ्यांना का नाही सांगितलं?"

"कपाटं हिकडं आनली तवा सायबांनी सगल्यांसमोर सांगितलं व्हतं. आबा, एक पान हललं तरी तुमची नोकरी गेली. सोला वरसं टेंपररी व्हतो मी. कायम झालो तवा बायकोनं गावजेवान घातलं. एक पान न्हाय साहेब, सात झाडं गेली. काय तोंडानं सांगू?"

चिठ्ठ्यांशेजारी कागद रिकामा दिसू नये म्हणून ते गावच्या टेकडीवर गेले, त्यातल्या त्यात सारखी दिसणारी फांदी शोधली, दाबून वाळवली, दोरा चहाच्या पाण्यात भिजवून जुना केला आणि शिवली. सुट्टीच्या दिवशी बसून सातही शीट पुऱ्या केल्या.

"आणि काड्या? भुगा? तो कचऱ्यात टाकला?"

पहिल्यांदाच आबांचा आवाज चढला. "कचऱ्यात? तीस वरसं संबाललेलं? देवाची मूर्त भंगली तर कचऱ्यात टाकता का तुमी? पोथी फाटली तर?"

त्यांनी कोरं लाल कापड आणलं होतं. सातही कागदांवरचा भुगा आणि काड्या त्यांनी पिसाने गोळा केल्या, एक कणही मागे ठेवला नाही, गाठोडं बांधलं. वॉचमनने ते रिक्षात ठेवायला मदत केली. त्याला आबा एवढंच म्हणाले होते, कुणाला सांगू नको. त्याने शब्द पाळला आणि त्यापायी नोकरी घालवली. आबांनी खाडीवर जाऊन हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि ओहोटी लागल्यावर गाठोडं पाण्यात सोडलं. ओहोटीला सोडलं की ते मागे येत नाही, समुद्राला मिळतं.

अटकेचे कागद केले. पंचांसमक्ष आबांनी खाडीवरची जागा दाखवली. त्या वेळी भरती होती. आमच्या लोकांनी पुढे दोन दिवस ओहोटीच्या वेळी चिखल पाहिला. काही मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. पंचनाम्यात मी लिहिलं की जागेवर कोणतीही वस्तू मिळून आली नाही.

बाईंना बोलावून मी सगळं सांगितलं. आबा समोर बाकावर होते. मला वाटलं होतं बाई संतापतील. त्यांनी अगदी हळू आवाजात पहिला प्रश्न विचारला तो आबांना.

"आबा, भुग्यात आठळ्या होत्या का? फळांच्या?"

"व्हत्या, बाई. मूठभर. कठीन व्हत्या, भुंग्याला पन फुटल्या न्हायत्या."

"त्या पण सोडल्या?"

"सगलं सोडलं. मागं कसं ठेवायचं? अर्धं इसर्जन करत न्हाय."

बाई खुर्चीच्या पाठीला टेकल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला म्हणाल्या, "साहेब, मला फांदी नको होती. अखंड पान नको होतं. त्या भुग्यातली चिमूटभर पूड आणि एक आठळी पुरे झाली असती. आज तेवढ्यावरून जात ओळखता येते. शंभर वर्षांनी ती उगवली नसती बहुतेक, पण तिच्या आत सगळं होतं. त्यांनी ते नुसतं कोपऱ्यात लोटून ठेवलं असतं तरी चाललं असतं."

आबा कधी माझ्याकडे, कधी बाईंकडे बघत होते. "म्हंजे?" ते म्हणाले. "चुरा पन चालला असता?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मना म्हाईत न्हवतं, बाई," आबा म्हणाले. "कुनी सांगितलं असतं तर उशाखाली घेऊन निजलो असतो."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पोलीस नाईकने पुढे होऊन त्यांचा हात धरला. बाई उठून बाहेर गेल्या आणि जिन्यावर बसून रडल्या. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मलाही आवरत नव्हतं, हे लिहायला आता मला संकोच वाटत नाही.

तपास तिथे संपला असता. पण मी संस्थेचं आवक रजिस्टर मागवलं आणि त्यात मला आबांचे तीन अर्ज सापडले. मोडक्या अक्षरात, मुलीकडून लिहून घेतलेले. शेजारी मसाल्याचा माल आहे, किडा येत आहे, डांबरगोळ्या आणि औषध पाठवावं. तिन्हींवर 'पाहिले' एवढा शेरा आणि सही होती. एकावरही काही झालं नव्हतं. चौकशीत आबांनी या अर्जांचा एका शब्दानेही उल्लेख केला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "सायबांवर कसं ढकलू? किल्ली माज्याकडं व्हती."

ते अर्ज मी दोषारोपपत्राला जोडले. त्यावरून कुणाला जाब विचारला गेल्याचं माझ्या कानावर आलं नाही. आबांना संस्थेने निवृत्तीच्या तोंडावर कमी केलं. वकील सांगत होता, गुन्हा नाकबूल करा, पुरावाच नाही तर सुटाल. आबांनी कोर्टात पहिल्याच तारखेला कबुली दिली. वय आणि आजवरची स्वच्छ वर्तणूक पाहून कोर्टाने त्यांना चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. बाईंनी आपला निबंध पुरा केला, पण ती जात वेगळी होती असं त्यात लिहिता आलं नाही. 'पुरावा उपलब्ध नाही' असं त्यांना लिहावं लागलं. ते वाक्य मी माझ्या नोकरीत किती गुन्ह्यांखाली लिहिलं असेल. झाडाखाली लिहिलेलं तेवढंच पाहिलं.

वॉचमनसाठी मी दोन गोडाऊनवाल्यांकडे शब्द टाकला. एकाने ठेवून घेतलं. मी त्याची माफी मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "छोड़िए साहब, आप भी ड्यूटी पर थे." त्याने मला माफ केलं की टाळलं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

या गुन्ह्याने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगतो. फायदा कुणाचा, हा प्रश्न मी आयुष्यभर विचारला. इथे फायदा कुणाचाच नव्हता. एक माणूस भ्याला होता आणि त्याच माणसाची त्या वस्तूवर भक्ती होती. भीतीने त्याने झाड लपवलं आणि भक्तीने ते कायमचं घालवलं. नुसता कामचुकार असता तर भुगा कपाटामागे लोटून घरी गेला असता, आणि झाड वाचलं असतं. त्याला आपण तीस वर्षं 'सांभाळ' असं सांगितलं, कशासाठी सांभाळायचं ते सांगितलं नाही. मग त्याला ठाऊक होती त्या रीतीने त्याने सांभाळलं. यात मी संस्थेला नावं ठेवून मोकळा होत नाही. माझ्या हाताखालच्या किती शिपायांना मी उन्हात उभं केलं आणि कशाकरता उभं केलं ते सांगायची तसदी घेतली नाही, हे त्यानंतर मला आठवत राहिलं. पुढच्या ठाण्यावर मी रोजच्या हजेरीत पाच मिनिटं त्यासाठी ठेवली. पोरं कंटाळायची, मागे थट्टाही करत असतील. तरी मी ती सोडली नाहीत.

निवृत्त झाल्यावर एकदा आबांच्या गावी गेलो. ते ओट्यावर भाताचं बियाणं निवडत बसले होते. पार खंगले होते, पण मला ओळखलं. सुनेला हाक मारून चहा सांगितला. आम्ही पाऊसपाण्याचं, त्यांच्या गुडघ्यांचं बोललो. गुन्ह्याचं मी काढलं नाही. निघताना त्यांनीच विचारलं.

"साहेब, तुमी त्या चिठ्ठ्या उतरून घेतल्या व्हत्या ना, पंचनाम्यात? इंग्रजीत काय लिवलं व्हतं त्यांच्यावर?"

मला ते पाठ होतं. शब्द न् शब्द. मी मराठीत सांगितलं. ओढ्याच्या काठी, उतारावर. काट्याचं झुडूप, माणसाच्या दुप्पट उंच. फुलं पांढरी, झुबक्यांनी. फळं लाल, पाखरं खातात.

"पांढरी?" आबा म्हणाले.

"पांढरी."

त्यांनी सुपातल्या भातावरून हात फिरवला. बोलले ते माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही.

"तीस वरसं माज्या हातात व्हतं. मी ते तपकिरीच समजत व्हतो. कुनी वाचून दाखवलं न्हाय."